उपग्रहाचे चित्र आणि छत्तीसगढचा शब्द

अमेरिकन दूरचित्रवाणीच्या इतिहासातील संस्मरणीय क्षणांची जी यादी सामान्यतः दिली जाते, तीत काही प्रसंग हटकून आढळतात. ९ मार्च १९५४ रोजी एडवर्ड मरो यांनी सेनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्याविषयी सादर केलेला कार्यक्रम. त्याच वर्षी एप्रिल ते जून या काळात प्रक्षेपित झालेली सैन्यदल व मॅकार्थी यांच्या वादाची चौकशी. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागो येथे केनेडी व निक्सन यांच्यात झालेला पहिला जाहीर वादविवाद. नोव्हेंबर १९६३ मधील केनेडींच्या हत्येनंतरचे दिवस. आणि २० जुलै १९६९ रोजी मानवाने चंद्रावर ठेवलेले पाऊल. या यादीत एक प्रसंग मात्र क्वचितच येतो. तो घडला अमेरिकेच्या उपग्रहामुळे, परंतु त्याचे प्रेक्षक होते ओरिसा, बिहार, राजस्थान, आंध्र, कर्नाटक आणि तत्कालीन मध्य प्रदेश या राज्यांतील खेडूत. मध्य प्रदेशापुरते बोलायचे तर हे प्रेक्षक रायपूर, बिलासपूर व दुर्ग या जिल्ह्यांतील, म्हणजे आजच्या छत्तीसगढातील होते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष चाललेला हा 'उपग्रह शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग' त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'साइट' या नावाने ओळखला जातो. अभियंत्यांनी आणि समाजशास्त्रज्ञांनी त्याचा विचार पुष्कळ केला आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी तो करावा असे त्यात काय आहे, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दूरचित्रवाणी हे चित्राचे माध्यम आहे, असे आपण गृहीत धरतो. तथापि वर उल्लेखिलेल्या प्रसंगांकडे बारकाईने पाहिले तर त्यांतील बहुतेकांचे सामर्थ्य शब्दात होते असे दिसेल. मरो यांचा कार्यक्रम मुख्यतः मॅकार्थी यांच्याच भाषणांतील उतारे आणि त्यांवरील संयत भाष्य यांवर उभा होता. सैन्यदलाच्या चौकशीत ९ जून १९५४ रोजी जोसेफ वेल्च या वकिलाने मॅकार्थींना जे उत्तर दिले, ते काही मोजक्या वाक्यांचे होते. त्या वाक्यांचा सूर, त्यांतील साधा नीतिविषयक प्रश्न आणि त्यानंतरची शांतता लक्षावधी घरांत एकाच वेळी पोहोचली. त्याच दशकात अमेरिकेत दूरचित्रवाणीसाठी स्वतंत्र नाटके लिहिणारी लेखकांची एक पिढी उदयास आली. पॅडी चायेफ्स्की यांचे 'मार्टी' २४ मे १९५३ रोजी आणि रेजिनाल्ड रोज यांचे 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' २० सप्टेंबर १९५४ रोजी प्रथम छोट्या पडद्यावर सादर झाले. चित्रपट त्यांवरून मागाहून निघाले. एका खाटकाची शनिवारची कंटाळवाणी संध्याकाळ, किंवा एका बंद खोलीत बारा माणसांनी चालविलेली चर्चा हे विषय या माध्यमाला पेलले, याचे कारण बोलीभाषेचा त्यांतील अचूक वापर हे होय.

परंतु या सर्व प्रसंगांमागे एक गोष्ट गृहीत होती. बोलणारा आणि ऐकणारा यांची भाषा बहुतांशी एकच होती. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' ही कृती भारतात आली ती १९८६ मध्ये, बासू चटर्जी यांच्या 'एक रुका हुआ फैसला' या हिंदी रूपात. म्हणजे भाषा बदलून, पात्रे बदलून, येथल्या माणसांच्या तोंडी शोभेल अशी होऊन. चित्र एका देशातून दुसऱ्या देशात नेता येते, पण संवाद न्यायचा तर कोणीतरी लेखक मध्ये उभा राहावा लागतो. 'साइट' प्रयोगाच्या निमित्ताने हा लेखकाचा प्रश्न प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर पुढे आला.

या प्रयोगाची पूर्वपीठिका थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या परिवलनाशी जुळत्या गतीने फिरणारा उपग्रह एकाच जागी स्थिर असल्यासारखा भासेल आणि त्याच्या द्वारे अर्ध्या जगावर प्रक्षेपण करता येईल, ही कल्पना आर्थर क्लार्क यांनी ऑक्टोबर १९४५ च्या 'वायरलेस वर्ल्ड' या नियतकालिकात विस्ताराने मांडली होती. क्लार्क पुढे विज्ञानकथालेखक म्हणून विख्यात झाले आणि श्रीलंकेत स्थायिक झाले. 'साइट' चालू असताना भारतीय अभियंत्यांनी त्यांच्या कोलंबो येथील घरी एक ग्रहणसंच बसवून दिला होता. आपल्या कल्पनेचे फळ स्वतःच्या घरी पाहण्याचे भाग्य फार थोड्या लेखकांना लाभले असेल.

चंद्रावरील पाऊल आणि भारतातील हा प्रयोग यांच्या तारखा परस्परांना फार जवळच्या आहेत. जुलै १९६९ मध्ये चंद्रावरून आलेले चित्र जगातील कोट्यवधी लोकांनी पाहिले. भारतात त्या वेळी दूरचित्रवाणी केंद्र फक्त दिल्लीस होते. दोनच महिन्यांनी, १८ सप्टेंबर १९६९ रोजी, भारताचा अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेची 'नासा' ही संस्था यांच्यात करार झाला. प्रगत राष्ट्रांनी ज्या क्रमाने दूरचित्रवाणी आणली, म्हणजे प्रथम महानगरे, मग शहरे आणि शेवटी खेडी, तो क्रम भारताने उलटावा, असे विक्रम साराभाई यांचे प्रतिपादन होते. साराभाई डिसेंबर १९७१ मध्ये निवर्तले. त्यांच्यानंतर हे कार्य अहमदाबाद येथे यशपाल यांच्या नेतृत्वाखाली सिद्धीस गेले. प्रयोगाचे कार्यक्रम-व्यवस्थापक होते एकनाथ वसंत चिटणीस. १९२५ मध्ये कोल्हापूर येथे जन्मलेल्या या शास्त्रज्ञाचे नाव मराठी वाचकांना जितके परिचित असावयास हवे होते तितके ते नाही.

३० मे १९७४ रोजी अमेरिकेने 'एटीएस-६' हा उपग्रह सोडला. अवकाशात गेल्यावर छत्रीप्रमाणे उलगडणारी सुमारे ९ मीटर व्यासाची त्याची तबकडी हे त्या काळचे नवल होते. उपग्रह प्रबळ असल्यामुळे जमिनीवरील साधन साधे असले तरी भागत असे. पहिल्या वर्षी या उपग्रहाचा उपयोग अमेरिकेने रॉकी पर्वताचा प्रदेश, ॲपलाचियाचा डोंगराळ भाग आणि अलास्कातील एकाकी वस्त्या यांना शिक्षण व वैद्यकीय सल्ला पुरविण्यासाठी केला. नंतर तो पूर्वेकडे सरकवून आफ्रिकेच्या वर आणण्यात आला आणि भारताला एका वर्षासाठी उपलब्ध झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत ग्रहणसंच बसविण्यात आले. कोंबड्यांच्या खुराड्याला वापरतात तशा तारेच्या जाळीची, सुमारे ३ मीटर व्यासाची तबकडी आणि सार्वजनिक जागी ठेवलेला एक संच, एवढीच गावातील सामग्री होती. खेड्यातल्या साध्या संचावर थेट उपग्रहाकडून चित्र घेण्याचा एवढा मोठा प्रयोग तोवर जगात कोठेही झाला नव्हता. आज भिलाईच्या स्मृतिनगरसारख्या वसाहतीत एखाद्या गच्चीवर छोटी तबकडी दिसली तर कोणाला नवल वाटत नाही. तिची पूर्वज मात्र याच दुर्ग जिल्ह्याच्या खेड्यांत, तारेच्या जाळीच्या रूपाने उभी होती.

या परिसराची निवड इतिहासदृष्ट्याही लक्षणीय ठरते. भिलाईचा पोलाद कारखाना १९५५ च्या करारानुसार सोव्हिएट संघाच्या साहाय्याने उभारला गेला आणि त्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पेटली. त्याच जिल्ह्यातील खेड्यांवर सोळा वर्षांनी अमेरिकन उपग्रहाचे चित्र उतरले. दोन महासत्तांनी आपापले सामर्थ्य या भातशेतीच्या प्रदेशात असे आणून ठेवले. पोलादाच्या कारखान्यात मजूर कोणती भाषा बोलतो याने लोखंडाच्या रसात फरक पडत नाही. दूरचित्रवाणीचे तसे नव्हते.

रोज सुमारे चार तास प्रक्षेपण होई. सकाळी दीड तास शाळांसाठी आणि सायंकाळी अडीच तास प्रौढांसाठी. भाषा चार होत्या: हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नड. एका चित्राबरोबर दोन ध्वनी पाठविण्याची सोय उपग्रहावर होती. त्यामुळे एकच चित्र तेलुगू व कन्नड अशा दोन्ही भाषांत ऐकविता येई. चित्र एक आणि भाषा दोन हे तंत्राला सहज साधले. खरी अडचण हिंदीच्या पोटात होती. मुजफ्फरपूर, जयपूर आणि रायपूर या तिन्ही परिसरांसाठी दिल्लीत तयार झालेला कार्यक्रम एकच होता. कागदोपत्री हे तिन्ही प्रदेश हिंदीभाषी होत. प्रत्यक्षात मुजफ्फरपूरच्या खेडुताच्या घरात बज्जिका बोलली जाते, जयपूरच्या आसपास ढूंढाडी, आणि दुर्ग-रायपूरकडे छत्तीसगढी. एकाची शेती बाजरीची, दुसऱ्याची भाताची.

शेतीच्या शब्दांवरून हा भेद अधिक स्पष्ट होईल. छत्तीसगढात भात पुष्कळदा फेकून पेरतात, आणि सुमारे महिन्याने शेतात पाणी साचले म्हणजे उभ्या पिकातूनच नांगर फिरवितात. या क्रियेला 'बियासी' म्हणतात. भात कापणीस येण्याच्या सुमारास ओल्या शेतातच दुसऱ्या पिकाचे बी टाकून देण्याच्या पद्धतीला 'उतेरा' असे नाव आहे. भंडारा-गोंदियाकडील लाखोळीची पेरणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही. जमिनीचे भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार असे प्रकार तेथील प्रत्येक शेतकरी जाणतो, आणि कोणत्या जमिनीत काय पेरावे हे त्या नावांतच सामावलेले असते. तीन प्रांतांसाठी एकदम बोलणाऱ्या निवेदकाला हे शब्द वापरता येत नाहीत. ते वापरले तर जयपूरच्या श्रोत्याला कळणार नाहीत, आणि टाळले तर दुर्गच्या श्रोत्याला हा सल्ला आपल्या शेताविषयी आहे असे वाटणार नाही. प्रमाणभाषा सर्वांना थोडी थोडी कळते, हा तिचा गुण आहे आणि हीच तिची मर्यादाही आहे.

या प्रयोगाचे श्रेय कमी लेखण्याचे कारण नाही. सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना या मार्गाने विज्ञानशिक्षणाचे पाठ मिळाले. निरक्षरांना आणि स्त्रियांना, ज्यांच्यापर्यंत वृत्तपत्र पोहोचणे शक्य नव्हते, आरोग्यादी विषयांची नवी माहिती मिळाल्याचे पाहणीत आढळले. मानवशास्त्रज्ञ काही गावांत जाऊन राहिले आणि त्यांनी लोक काय पाहतात, काय बोलतात याची नोंद केली. आपल्या देशात कोणत्याही माध्यमाचा असा अभ्यास त्यापूर्वी क्वचितच झाला होता. आरंभी संचापुढे शेकडो माणसे जमत. नवलाई ओसरल्यावर ही गर्दी बरीच कमी झाली. या ओहोटीचे सर्व खापर भाषेवर फोडणे योग्य होणार नाही. शेतीच्या हंगामातील थकवा, कार्यक्रमांचा उपदेशपर सूर ही कारणेही होतीच. शिवाय तो काळ आणीबाणीचा होता. जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि नंतर सहा आठवड्यांच्या आतच हा प्रयोग सुरू झाला. १ एप्रिल १९७६ रोजी दूरचित्रवाणी आकाशवाणीपासून वेगळी होऊन 'दूरदर्शन' झाली, तरी ती सरकारी खातेच राहिली. १९५४ मध्ये मरो यांनी या माध्यमातून सत्तेला प्रश्न विचारला होता; १९७५ च्या आपल्या खेड्यांत या माध्यमातून सत्ता बोलत होती आणि गाव ऐकत होते. ऐकणाऱ्याला उलट बोलण्याची सोय नसेल, तर त्याची भाषा शिकून घेण्याची निकडही बोलणाऱ्याला वाटत नाही.

ही निकड नेमकी त्याच वर्षांत, त्याच प्रदेशात, एका नाटककाराला वाटली होती. रायपूर येथे १९२३ मध्ये जन्मलेले हबीब तन्वीर हे छत्तीसगढच्या 'नाचा' या लोकनाट्यातील कलावंतांना घेऊन दीर्घकाळ प्रयोग करीत होते. हे कलावंत प्रमाण हिंदीत बोलू लागले की अवघडतात आणि स्वतःच्या बोलीत आले की मोकळे होतात, हे त्यांनी अनुभवाने ओळखले. १९७३ च्या रायपूर येथील कार्यशाळेपासून त्यांनी कलावंतांना त्यांच्या बोलीतच उभे केले. त्यानंतर भिलाई येथील एका कार्यशाळेत 'चरणदास चोर' या नाटकाची पहिली घडण झाली, आणि १९७५ मध्ये ते पूर्ण रूपात रंगभूमीवर आले. मूळ कथा राजस्थानी. विजयदान देथा यांनी लिहिलेल्या लोककथेवर ती आधारलेली आहे. परंतु छत्तीसगढात येताना ती छत्तीसगढी बोलू लागली. सत्यासाठी प्राण देणारा चोर हे पात्र तेथील सतनामी समाजाच्या सत्यनिष्ठेशी जुळले आणि त्यांच्या पंथी गीतांचा स्वर नाटकात मिसळला. १९८२ मध्ये एडिंबरो येथील महोत्सवात या नाटकाचा गौरव झाला. तेथील प्रेक्षकांना छत्तीसगढीचा एक शब्दही येत नव्हता.

येथे दोन प्रवासांची तुलना करता येते. उपग्रहाच्या कार्यक्रमाने राजस्थान आणि छत्तीसगढ एका वाक्यात बांधले, आणि ते वाक्य दोन्हीकडे थोडे परके राहिले. देथांची कथाही राजस्थानातूनच छत्तीसगढात आली. ती मात्र भाषा बदलून आली आणि म्हणून घरची झाली. या दोन प्रवासांना जोडणारा एक दुवाही आहे. श्याम बेनेगल यांनी 'साइट'साठी मुलांकरिता २१ लघुपट तयार केले होते, आणि त्या निमित्ताने लोककलावंतांशी आलेल्या संबंधातून त्यांचा 'चरणदास चोर' हा १९७५ चा चित्रपट आकारास आला. म्हणजे त्या माध्यमात काम करणाऱ्यांच्या दृष्टीस हा प्रश्न पडलाच नव्हता असे नाही.

बोलीत कार्यक्रम करणे व्यवहार्य नव्हते, असा आक्षेप घेतला जाईल. त्याचे उत्तर गुजरातेत मिळते. त्याच काळात खेडा जिल्ह्यात, पीज येथील छोट्या प्रक्षेपकावरून, अहमदाबादच्या याच संस्थेने दुसरा प्रयोग चालविला. तेथे कार्यक्रमांत चरोतरी बोली वापरण्यात आली. गावकऱ्यांना बरोबर घेऊन त्यांच्याच प्रश्नांवर मालिका रचण्यात आल्या. १९८४ मध्ये युनेस्कोच्या पारितोषिकाने त्या उपक्रमाचा सन्मान झाला. अर्थात् एका जिल्ह्यासाठी जे साधते ते सहा राज्यांसाठी साधणे सोपे नाही, हे मान्य केलेच पाहिजे. प्रमाणभाषेची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. न्यायालय, रेल्वे, कारखाना यांची भाषा शिकण्याची इच्छा खेडुतालाही असते. त्याला केवळ बोलीतच ठेवणे हा दुसऱ्या प्रकारचा अन्याय होईल. प्रश्न बोली की प्रमाणभाषा असा नाहीच. कोणत्या प्रसंगी कोण कोणाशी बोलत आहे, आणि ऐकणाऱ्याचे शब्द बोलणाऱ्याच्या कानी कधी पडले आहेत काय, असा तो प्रश्न आहे.

३१ जुलै १९७६ रोजी करार संपला आणि उपग्रह परत गेला. १९७७ मध्ये रायपूर येथे जमिनीवरील प्रक्षेपक आला. त्याच्या टप्प्यातील गावांचे संच पुन्हा बोलू लागले. छत्तीसगढ हे स्वतंत्र राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी झाले आणि २००७ मध्ये तेथील विधानसभेने छत्तीसगढीला राजभाषेचे स्थान दिले.

मराठी समीक्षेने या प्रसंगाची दखल घ्यावी याचे एक कारण ऐतिहासिक आहे. हा प्रदेश अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता आणि मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. त्यांतीलच माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले आणि पुढे 'गीतारहस्य' हिंदीत आणले. एका भाषेचे धन दुसरीत नेताना काय सोडावे लागते आणि काय मिळविता येते, हे त्यांना ठाऊक होते. दुसरे कारण आपल्या घरचे आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले, तेव्हापासून मराठीचे एक नवे बोलके रूप घडत आले. 'आमची माती आमची माणसं' या कार्यक्रमाच्या नावातच मातीची भाषा बोलण्याची प्रतिज्ञा होती. त्या पडद्यावर वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा झाडीबोली विनोदापुरती किती आली आणि विचार सांगण्यासाठी किती आली, याचा हिशेब आपण अद्याप मांडलेला नाही. झाडीपट्टीची रंगभूमी छत्तीसगढच्या सीमेलगत बहरत असताना तिच्या भाषेचा विचार समीक्षेच्या पानांवर जेमतेमच होतो. साहित्यविमर्श कादंबरी आणि कविता यांपाशी थांबतो आणि कोट्यवधी लोक रोज जी मराठी ऐकतात ती मराठी त्याच्या कक्षेबाहेर राहते.

अमेरिकन दूरचित्रवाणीच्या संस्मरणीय क्षणांत १ ऑगस्ट १९७५ ही तारीख समाविष्ट व्हावयास हवी. मात्र तिची नोंद केवळ तंत्राचा विजय म्हणून करणे अपुरे ठरेल. छत्तीस हजार किलोमीटरचे अंतर अमेरिकन उपग्रहाने आणि भारतीय अभियंत्यांनी तोडले. संचापासून समोर बसलेल्या माणसापर्यंतचे अंतर शब्दाने तोडावयाचे होते, आणि ते काम लेखकाचे होते. त्या वर्षी छत्तीसगढात ते काम रंगभूमीने केले. दूरचित्रवाणीच्या वाट्याचे काम पुष्कळसे शिल्लक आहे, आणि त्यात मराठी लेखकाचाही वाटा आहे.